चड्डी शिवून घेणारं ते काळं जनावर कुणाला आठवतंय का?

मागाचा_खटका (वडगाव, बेळगाव)

मंडळी, एक कार्टून शोधतोय. नाव माहीत नाही, देश माहीत नाही, भाषाही माहीत नाही. एका काळ्या, गुबगुबीत, लाल नाकाच्या जनावराला खिशाची चड्डी हवी असते आणि ती मिळेपर्यंत सगळं रान कामाला लागतं, एवढंच माहीत आहे. डोक्यावर तीनच केस. उंदीर म्हणावा तर शेपटी आठवत नाही, अस्वल म्हणावं तर फार लहान.

१९८४ नाहीतर ८५ असेल. मी तिसरीत, वडगावातल्या मराठी शाळेत. एक दिवस सायकलच्या कॅरिअरला मोठी पेटी बांधून एक माणूस आला. पेटीत प्रोजेक्टर. आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही दोन घरांत, त्यातल्या एका घरात आम्हाला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता, त्यामुळे पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे काय असतं याची कल्पना तशी कमीच. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या. पडद्यासाठी चादर शोधली तर ती फुलाफुलांची निघाली. मग माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराला घरी पिटाळलं आणि त्यानं मागावरून त्याच सकाळी उतरलेलं पांढरं कापड आणलं. त्याला खळीचा वास होता. पुढं बसल्यामुळं सबंध कार्टून मी त्या वासात बघितलं. आजही कुठं कोरं कापड हुंगलं की लाल नाक डोळ्यांपुढं येतं.

पिक्चर सुरू झाला आणि आवाजाचा डबा बंद पडला. तो माणूस कानडीत काहीतरी पुटपुटत तारा हलवत बसला, खरं आवाज काही येईना. शेवटी आमचे चित्रकलेचे सर उठले, पडद्याशेजारी छडी घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांच्या वतीनं स्वतःच बोलायला लागले. जनावराचा आवाज बारीक, झाडाचा आवाज घोगरा. हो, त्यात एक बोलणारं रोप होतं. जनावर त्याच्याकडे चड्डी मागायला जातं आणि ते म्हणतं, "आधी माझ्याभोवतीचं तण काढ, मग बोलू." हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे. मग मदतीला एकेक जण येतो, सूत निघतं, आणि मुंग्या कापड विणतात. त्या मुंग्यांना सर म्हणाले, "ह्या बघा आपल्या गल्लीतल्या बायाबापड्या." सगळा वर्ग खिदळला, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी माग होते.

माझ्याही घरी. दोन खड्डामाग, पुढं ते मोडून चार पावरलूम आले. आबा मागावर, आई दारात रहाटाशी कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरत बसलेली, शाळेला निघायच्या आधी आमची दहा-बारा कांड्यांची हजेरी ठरलेली. त्या वयात मला या सगळ्याची लाज वाटायची. किर्लोस्कर रोडवर दुकान असलेल्या वडिलांची पोरं वर्गात होती, त्यांच्या सदऱ्यांना सुताचे तुकडे चिकटलेले नसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरातली कामं पडद्यावर दिसली, आणि तीही कुणा लाल नाकाच्या जनावराच्या चड्डीसाठी!

आता का शोधतोय, तर आबा एकोणऐंशीचे झाले. माग विकून आठ वर्षं झाली. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो, रात्रपाळी करून आलो की ते मला गाठून काही ना काही सांगत बसतात. मलाही त्यांना काहीतरी दाखवावंसं वाटतं.

शोधून झालंय बरंच. चिचुंद्री, उंदीर, घूस, अस्वल, सगळं टाकून बघितलं. एक गोष्ट मात्र खटकते. सर त्या रोपाला कापूस म्हणाल्याचं मला पक्कं आठवतंय. आणि त्याचं फूल निळं होतं हेही पक्कं आठवतंय. कापसाचं फूल पिवळं असतं हे मला कळतं हो. दोन्हींतलं एक काहीतरी चुकतंय.

निपाणीची_बाई

दादा, तुम्ही म्हणताय ते नसेलही, खरं त्या काळातलं कार्टून म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं एकच येतं. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीचे मालक होते, त्यांच्या माडीवर टीव्ही. रविवारी आम्ही पंधरा-वीस पोरं. खाली तंबाखूची पोती, वर आम्ही, आणि ज्याला शिंक येईल त्याला बाहेर काढायचं असा नियम. त्या माडीवर मी "एक चिडिया, अनेक चिडियाँ" बघितलं. शिंक दाबून बघितलं.

खरं नाव "एक अनेक और एकता". १९७४ सालचं. विजया मुळे यांनी केलेलं, चित्रं भीमसेन यांच्या हाताखालची, तेच ज्यांनी पुढं "घरौंदा" काढला. संगीत वसंत देसाईंचं, आपल्या कोकणातले, कुडाळकडचे. ते पुढच्याच वर्षी गेले. गाणारी पोरगी म्हणजे साधना सरगम, तेव्हा अगदीच लहान.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मोबाइलवरून ते दाखवलं. मला वाटलं होतं, पोरं कंटाळतील. चित्रं कशी, तर कागदावर रेघा मारल्यासारखी, माणसांना नीट बोटंही नाहीत. पोरं गप्प. पक्षी जाळं घेऊन उडाले तेव्हा एक पोरगा म्हणाला, "बाई, ते जाळं कुणाचं? त्याचं नुकसान झालं की." त्याचे वडील दूधगंगेत जाळं टाकतात. चाळीस वर्षं मी ते गाणं गुणगुणतेय, फासेपारध्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता. उत्तर काय देणार? मी म्हटलं, उद्या सांगते. अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या कार्टूनमध्ये पक्षी होते का?

मागाचा_खटका

ताई, पक्षी होता, खरं एकच, आणि तो शेवटी चड्डी शिवत होता. शिंपी पक्षी असावा. गाणं नव्हतं. "एक चिडिया" मी पुढं टीव्हीवर बघितलंय, ते हे नव्हे. त्या पोराला उत्तर द्याच मात्र.

लोंढा_पॅसेंजर

मला तुमचं कार्टून माहीत नाही, खरं एक सल्ला फुकट देतो. सापडलं तरी बघू नका.

वडील रेल्वेत, लोंढ्याला क्वार्टर. पावसाळ्यात चार-चार दिवस लाइट नाही, कौलांवर पाण्याचा आवाज असा की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये. केबल आली तेव्हा मी सहावीत. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ ला सुरू झालं, आमच्याकडे यायला वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. सगळं इंग्रजीत. आम्हाला काडीचं कळायचं नाही आणि काडीचं अडायचंही नाही, कारण टॉम आणि जेरी बोलतात कुठं? ठरलेल्या वेळी कार्टून बंद होऊन त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी पिक्चर लागायचे. तोंडात घास असायचा आणि मांजराच्या जागी अचानक टोपीवाला साहेब यायचा. माझी बहीण त्या साहेबाला शिव्या द्यायची.

लॉकडाऊनमध्ये ठरवून सगळे जुने टॉम अँड जेरी काढले. हॅना आणि बार्बेरा या जोडीनं १९४० ते ५८ मध्ये ११४ केले, ते क्रमानं बघत सुटलो. पहिल्यात मांजराचं नाव टॉम नाहीच, जास्पर! पियानोवालं, १९४७ चं, अजूनही बसल्या जागी हलू देत नाही. प्रत्येक पाय आपटला की वाद्य, प्रत्येक भुवई उचलली की वाद्य. लहानपणी हे संगीत मी ऐकलंच नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

खरं त्याच्या पुढचं ऐका. मधेच स्फोट होऊन मांजराचं तोंड काळं होतं आणि लगेच त्याला निग्रो लोकांसारखे ओठ, वेण्या. घरकाम करणारी ती काळी बाई, तोंड सहसा न दाखवलेली, नुसते पाय. आम्ही या सगळ्यावर पोट धरून हसलोय. आता मुलीसोबत बघताना रिमोट शोधायला लागलो. ती विचारते, "पप्पा, पुढं का ढकललं?"

आणि ते विचित्र टॉम अँड जेरी आठवतात? आवाज विहिरीतून आल्यासारखा, टॉम वेड लागल्यासारखा, त्याचा मालक जाडा आणि भयंकर रागीट? आम्ही ते लागले की उठून बाहेर जायचो. ते अमेरिकेत झालेच नव्हते. जीन डाइच नावाच्या माणसानं १९६१-६२ च्या सुमाराला १३ केले, तेही प्रागमध्ये. तिथल्या चित्रकारांनी आधीचे टॉम अँड जेरी फारसे बघितलेही नव्हते म्हणे. माणसानं न बघितलेल्या मांजराची नक्कल केली की असं होतं.

तर जपून. तुमची चड्डी आठवणीतच बरी बसतेय.

करदंटवाला_गोकाक

माझं मराठी सांभाळून घ्या. आमच्या घरी कानडी. चड्डी मागणारं जनावर म्हणजे माझा धाकटा भाऊ, दरवर्षी दसऱ्याला. लाल नाकासकट. चौकशी बंद करावी.

रेघोट्या (मूळ शहापूर, सध्या पुणे)

मागाचा खटका, तुमचं निळं फूल बरोबर आहे. सर चुकले. म्हणजे चुकले नाहीत, त्यांनी मुद्दाम केलं असावं.

ते रोप कापूस नव्हे, जवस. आपल्याकडे जवस फक्त बियांसाठी पेरतात, चटणी आणि तेल. युरोपात त्याच झाडाच्या दांड्यांतून धागा काढतात, त्याचं कापड म्हणजे लिनन. दुकानात लिननचा शर्ट अडीच हजाराला विकत घेणाऱ्यांना सांगून बघा, की बाबा, ही तुमच्या आजीच्या चटणीची काडी आहे. फूल निळंच असतं. हिवाळ्यात विजापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला जवसाचं वावर दिसलं तर गाडी थांबवून बघा.

आणि ते जनावर म्हणजे मोल. बिळं करून जमिनीखाली राहणारं, डोळे जवळजवळ नसलेलं. आपल्या दख्खनमध्ये हा प्राणीच नाही, त्यामुळे मराठीत त्याला घरचं म्हणावं असं नावही नाही. तुम्ही चिचुंद्री टाकून शोधलंत यात तुमची चूक काय? चेक भाषेत त्याला क्र्तेक म्हणतात, आणि चेक लोकांना तो जवळजवळ राष्ट्रीय प्राणी वाटतो.

मी अॅनिमेशनमध्येच काम करते, म्हणून हे ठाऊक. झ्देनेक मिलेर या चित्रकाराला प्रागच्या स्टुडिओनं काम दिलं, की जवसापासून कापड कसं होतं ते मुलांना समजेल असं कार्टून काढ. म्हणजे मुळात हा शेतकी माहितीपट! त्याला माणसं नको होती, प्राणी हवा होता, आणि डिस्नेनं न वापरलेला हवा होता. ससा, उंदीर, बदक, कुत्रा, सगळे घेऊन झालेले. असं सांगतात, की एके दिवशी फिरायला गेला असता मोलनं उकरलेल्या मातीच्या ढिगाला अडखळून पडला आणि उठला तो प्राणी घेऊनच.

पिक्चर १९५७ चा. "मोलला चड्डी कशी मिळाली" असं नाव, तेरा-चौदा मिनिटांचा. व्हेनिसला बक्षीस मिळालं. त्यानंतर मोलचे जवळपास पन्नास भाग झाले, ते थेट २००२ पर्यंत. पहिल्या भागात सगळे चेक बोलतात. पुढं मिलेरनं बोलणं काढूनच टाकलं, म्हणजे कुठल्याही देशात चालावं. नुसतं हसणं, हुंकार, "आहा", "ओहो". ते आवाज त्याच्या मुलींचे. २०११ च्या मे महिन्यात हा मोल, म्हणजे त्याचं कापडी बाहुलं, एन्डेव्हर यानातून अंतराळात जाऊन आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मिलेर गेला.

चड्डी का हवी असते ते आठवतंय का तुम्हाला? त्याला सापडलेल्या वस्तू ठेवायला. खिळा, काच, असलं काहीबाही. हातात मावत नाही. मग दोरीवर वाळत घातलेली चड्डी दिसते, मोठे खिसे असलेली, आणि बसतो हट्ट धरून. म्हणजे त्याला चड्डी नको आहे, खिसे हवे आहेत. आमच्या धंद्यात पात्राला नेमकं काय हवंय हे लिहायला लावतात. मिलेरनं ते एका ओळीत केलंय.

लोंढावाल्यांना एक. तुमचे विहिरीतले टॉम अँड जेरी आणि हा मोल एकाच गावचे. प्रागवर एवढा राग नको.

आमची आजी शहापुरात लुगडी विणायची. तुमच्या आबांना दाखवलंत की इथं नक्की लिहा. मला आपल्या मागवाल्यांचं मत हवंय, आमच्या ऑफिसातल्यांचं नको.

लोंढा_पॅसेंजर

प्रागची माफी मागतो. टॉमची नाही.

मागाचा_खटका

चार दिवसांनी लिहितोय. रेघोट्या ताई, तुमचे पाय कुठं आहेत ते सांगा, पुण्याला येऊन धरतो.

रात्री पाळीवरून आलो, घरच्यांना न उठवता मागच्या खोलीत बसलो आणि लावलं. पहिल्या मिनिटालाच लाल नाक. मग तीन केस. मी एकोणपन्नास वर्षांचा माणूस, तोंडावर हात धरून बसलो, आवाज होऊ नये म्हणून.

खरं लोंढावाल्यांचंही थोडं खरं झालं. ते रोप बोललं, चेकमध्ये. मी त्याच्या तोंडाकडे बघतोय आणि "आधी माझ्याभोवतीचं तण काढ, मग बोलू" ते येईचना! तण काढणं आहे, पाणी घालणं आहे, राखण आहे, सगळं आहे, पण तो घोगरा, वैतागलेला, वडगावच्या म्हाताऱ्यासारखा आवाज नाही. रोप गोड बोलतंय. बाई आहे की काय असं वाटावं. म्हणजे चाळीस वर्षं मला जे कार्टून आठवत होतं त्यातलं अर्धं आमच्या सरांचं होतं. तो आवाजाचा डबा चालला असता तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो.

सर आता नाहीत. असते तर विचारलं असतं, जवसाचा कापूस का केलात म्हणून. मला वाटतं, त्या वेळी वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात कापसाचं सूत होतं, जवस म्हटलं असतं तर सगळे चटणीवर गेले असते. एका मिनिटात, छडी हातात धरून, त्यांनी ते ठरवलं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांना बसवलं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मोबाइल जवळ धरावा लागतो, त्यामुळे टीव्हीला जोडला. आई भाजी निवडत बाजूला. आधीच सांगितलं, हे कापसाचं नाही, जवसाचं.

आबा म्हणाले, "जवसाची चटणी खात्यात. चड्ड्या शिवत न्हाईत."

आईचं माहेर गोकाककडचं, तिकडं जवसाला अगशी म्हणतात. ती म्हणाली, "अगशीचं झाड हाय ते. फूल बघा की, निळं." तिनं एका क्षणात ओळखलं. मी चाळीस वर्षं शोधत होतो, तिला एकदा विचारलं असतं तर भागलं असतं.

रोप उपटलं, पाण्यात भिजत पडलं, तेव्हा आबा सरसावून बसले. "हे अंबाडीगत हाय की. कुजवायचं, मग वाख काढायचा." आमचे आजोबा सुगी संपली की अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, काढून दोर वळायचे, ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. पिक्चर थांबवून अर्धा तास तेच चाललं. अंबाडी भिजवलेल्या पाण्याचा वास आठवडाभर हाताला राहतो, त्या दिवसांत आजीनं आजोबांना परसात जेवायला वाढायचं, वगैरे. सुरू केल्यावर करकोचा चोचीनं काड्या फोडतो, साळू आपल्या काट्यांनी वाख विंचरतं. साळू आल्यावर आबा टाळी देऊन हसले. "फणी घरचीच!" मागाच्या फणीशी त्याचा संबंध नाही हे त्यांनाही माहीत, खरं हसले.

कोळी सूत काढतात तिथं म्हणाले, "एकसारखं निघालंय. गाठ न्हाई." हे मोठं सर्टिफिकेट आहे बरं का. इचलकरंजीहून यायच्या सुताला त्यांनी आयुष्यात हे दिलेलं मी ऐकलेलं नाही.

मुंग्यांपाशी मात्र बिनसलं. मला वाटलं होतं, इथं ते खूश होतील. मी मनातल्या मनात सरांचं ते वाक्यही तयार ठेवलं होतं. आबांनी हात वर केला, थांबव म्हणून. "पांजणी कुठाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ताण्याचं सूत तसंच मागावर चढवलं तर घासून तुटतं. त्याला खळ लावावी लागते, कांजीसारखी. आमच्याकडे पूर्वी पहाटे गल्लीत लांबच लांब ताणा पसरायचे, दोन्हीकडून माणसं कुंचे मारत जायची, ऊन चढायच्या आत सूत वाळलं पाहिजे. ती पांजणी. पाऊस आला तर सगळी गल्ली ओरडत धावायची. माझ्या लहानपणीच ते बंद पडत आलं होतं, पण आबांच्या डोक्यात कापड म्हटलं की आधी ती पहाट. तेरा मिनिटांत तण काढण्यापासून चड्डीपर्यंत सगळं दाखवलं आणि पांजणी नाही म्हणजे काय!

मी म्हटलं, "आबा, लहान पोरांसाठी केलंय ते. आणि तिकडची पद्धत निराळी असेल."

"सूत ते सूत. तिकडं काय तुटत न्हाई होय?"

पुढं खेकड्यासारखं एक नांगीवालं जनावर कापड कापतं, पक्षी शिवतो. तो शिंपी नव्हे, बोरूच्या बेटातला कुणीतरी आहे. चड्डी तयार. मोल खिशात सगळं कोंबतो. आबांना शिलाई पसंत पडली. खिसे मोठे ठेवले हे बरं केलं, म्हणाले.

सगळं झालं, टीव्ही बंद करायला उठलो. इतका वेळ आई गप्प होती. भाजी निवडून झाली होती, तरी ताट मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, "कोळ्यांनी सूत काढलं. मुंग्यांनी विणलं."

"हो."

"मग मधल्या कांड्या कुणी भरल्या?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी पांजणीवरून एवढं ऐकवलं होतं, कांडीचं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात कांडी नसेल तर मुंग्या विणणार काय? चाळीस वर्षं आई त्या दारात बसून भरत होती, आणि आम्ही दोघं शेजारी बसून कापड बघत होतो.

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "परत लाव. बघू दे, कुठंतरी असतील."